पाठमोरी ऑक्टावी

ऑरेस्ट पावलुकने आयुष्यभर कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या लोकांच्या कवळ्या केल्या. निवृत्त झाला तरी अवजारं काही हातातून सुटली नाहीत. बारीक कानशी, मेण कोरायच्या सळ्या, चिमटे, सगळं त्याने घरी तळघरात आणून मांडलं आणि बोटाएवढ्या माणसांवर चालवायला सुरुवात केली.

आमच्या चिमुकल्या मूर्तींच्या क्लबात बाकी सगळे जुन्या लढायांमधले सैनिक रंगवतात. मीही तेच करतो. ऑरेस्ट मात्र विकतचा धातूचा सैनिक आणायचा आणि आधी त्याचं मुंडकं उडवायचा. बंदूक कापून हातात बादली द्यायची, लुकण मळून पायांभोवती परकर चढवायचा. एका तोफवाल्याचा त्याने नदीवरचा बर्फ कापणारा मजूर केला होता, तर एका निशाणवाल्याची बटाटे खणणारी युक्रेनी बाई.

"असली माणसं कुणी विकतच नाही," तो म्हणायचा. "मग काय करू? सैन्यातून सोडवून आणतो."

त्याची बायको डोरीन आल्यागेल्याला सांगायची, "आमचे हे दिवसभर खाली बसून पुरुषांच्या बायका करतात."

वसंतातल्या प्रदर्शनाला आम्ही सेंट बोनिफेसमधला हॉल घेतला होता. ऑरेस्टने त्या वर्षी रेड रिव्हर नदीकाठची जुन्या काळची दोन चाकांची लाकडी गाडी केली होती. शेजारी पाठीवर मूल बांधलेली मेटी, म्हणजे तिथल्या आदिवासी-फ्रेंच मिश्र वंशातली, बाई उभी. जांभळ्या कोटातली एक पन्नाशीची बाई तिच्यासमोर वाकून किती तरी वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, "हे कुणी केलंय?"

"मी," ऑरेस्ट पुढे झाला.

"कपडे झकास जमलेत. पण ही बाई नाहीये हो. शिपाई आहे."

मला हसू फुटलं. ऑरेस्टचा चेहरा मात्र उजळला. "कशावरून ओळखलंत?"

"उभी बघा कशी आहे! छाती पुढे, टाचा जुळवलेल्या. पाठीवर पोर असलं की बाई अशी उभी राहते होय?"

"मग कशी राहते? दाखवा ना."

बाईने इकडेतिकडे बघितलं, पर्स पाठीला घेतली, एका पायावर भार टाकला आणि कमरेत जराशी वाकली. ऑरेस्टने माझी पिशवी ओढून स्वतःच्या पाठीवर घेतली आणि तिच्या शेजारी तसाच उभा राहिला. "गुडघा सैल सोडा," ती म्हणाली. "पोर झोपलंय असं समजा." बक्षिसं द्यायला आलेले पाहुणे दारातच थबकले.

तिचं नाव ऑरीझ लव्हाले. शाळेची बस चालवायची. पुढच्या शनिवारी ती ऑरेस्टच्या घरी आली ती एक फोटो घेऊन. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्यात तिची पणजी ऑक्टावी होती, पण पूर्ण पाठमोरी, तसल्याच लाकडी गाडीत वाकून काही तरी काढताना. शालीने डोकंसुद्धा झाकलेलं.

"हिचा दुसरा फोटो नाही?" ऑरेस्टने विचारलं.

"हा एकच. आणि हिने पाठ का फिरवली, ते कुणालाच माहीत नाही."

झालं! ऑरेस्टला तेवढंच पुरे होतं; आता ऑक्टावीची मूर्ती करायचीच. बाई गाडीतून काय काढत होती, ते कळल्याशिवाय हात कसे करणार? ऑरीझचा भाऊ म्हणाला पीठ. चुलतभाऊ म्हणाला बंदूक. "बघा, हाही सैन्यातलाच!" डोरीन म्हणाली. शेवटी ऑरीझ आम्हा दोघांना युलाली मावशीकडे घेऊन गेली. मावशी नव्वदीची, वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेली. ऑक्टावी तिची सख्खी आजी.

"काढत कसलं होती?" मावशी म्हणाली. "तोंड लपवत होती. पुढचे दात नव्हते तिला. घोड्याने लाथ मारलेली. कॅमेरा दिसला की मेली गाडीत डोकं घालायची."

"मावशी, हे तू कधी बोलली नाहीस!" ऑरीझ म्हणाली.

"कुणी विचारलंत?"

ऑरेस्ट खुर्ची ओढून पुढे सरकला. "वरचे की खालचे?"

"वरचे. का हो?"

"वरचे नसले की ओठ आत जातो. नाकाखालचा भाग खचतो. हसताना हात तोंडावर यायचा का?"

"हात नाही, शालीचं टोक," मावशी म्हणाली आणि त्याच्याकडे निरखून बघायला लागली. "तुम्ही पाहिलं होतंत की काय तिला?"

चुलतभावाने नंतर हे सगळं थोतांड ठरवलं. म्हातारीला काय आठवणार, म्हणे. खरं-खोटं करायला काही साधन नव्हतं. ऑरेस्टने ऑरीझला विचारलं, "तू सांग. दात देऊ की नको?"

"मावशीवर विश्वास ठेव," ती म्हणाली.

ऑक्टावीसाठी त्याने एकही सैनिक कापला नाही. तारेचा सांगाडा वळवला आणि आख्खी बाई लुकणातून उभी केली. ऑरीझ तळघरात इस्त्रीच्या फळीवर तासन्‌तास वाकून उभी राहायची. तो तिच्याभोवती फिरून कंबर, खांदे, टाचा बघायचा. चेहरा गाडीत खुपसलेला, कुणाला दिसणारही नव्हता, तरी त्याने सुईच्या टोकाने पूर्ण कोरला: मिटलेलं तोंड, आत गेलेला ओठ. शाल फोटोत होती तशी काळी रंगवली.

आम्ही पुन्हा वृद्धाश्रमात गेलो तेव्हा मावशीने मूर्ती हातात घेतली, उलटी केली आणि भिंगातून शालीच्या आत डोकावली. मग खुदकन हसली. "चिडलेय. फोटोवाल्यावर चिडलेय ही."

"आणि बाकी?" ऑरेस्टने विचारलं.

"बाकी ठीक. पण शाल काळी कुठून आणलीत? फोटोतलं सगळंच काळं दिसतं. हिरवी होती ती, लाल चौकड्यांची. मी लहानपणी तिच्याखाली झोपलेय."

ऑरीझने कपाळाला हात लावला. ऑरेस्टने मात्र मूर्ती परत घेऊन रुमालात गुंडाळली आणि विचारलं, "हिरवी म्हणजे कशी? गवतासारखी, की देवदाराच्या पानासारखी?"

मावशी खिडकीबाहेर बोट दाखवून झाडं नाकारत गेली. हे नाही, ते नाही. शेवटी ऑरीझच्या पिशवीतल्या, काकडीच्या लोणच्याच्या हिरव्या काचेच्या बाटलीपाशी बोट थांबलं. "ही. अशी."

"बाटली नेऊ का?" ऑरेस्टने विचारलं.

"न्या," मावशी म्हणाली, "पण काकड्या इथे ठेवून जा."