अप्पांच्या गाडीचा कप्पा

अप्पा गेल्यावर त्यांची गाडी थोरल्या भावाच्या, अण्णाच्या नावावर झाली. त्यात मला काही गैर वाटलं नाही. आई अण्णाकडे, म्हैसूरच्याच हूटगळ्ळीला राहते, तिला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी तिथेच हवी होती. मी एकटी, मेटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी, माझं स्कूटरवर भागतं. तरी मी अण्णाला सांगून ठेवलं होतं, कधी विकायची झालीच तर आधी मला सांग, मी घेईन. तो हसला होता. "अप्पांची गाडी कोण विकतंय, पुट्टी?" म्हणाला होता. आमच्या घरातलं मराठी अर्धं कन्नड आहे. पुट्टी म्हणजे धाकटी, लाडाची. पन्नाशीला आले तरी त्याच्यासाठी मी पुट्टीच.

त्या गाडीत माझा जीव अडकला होता, त्याला कारण होतं. लग्न मोडून मी म्हैसूरला परत आले तेव्हा घरात सगळे माझ्याशी फार जपून बोलत. अप्पा बोललेच नाहीत. रोज पहाटे मला उठवायचे, शहराबाहेर वरुणा गावाच्या बाजूला न्यायचे आणि उसाच्या शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी माझ्या हातात द्यायचे. "क्लच" म्हणायचे, "आरसा बघ" म्हणायचे, बाकी काही नाही. कुणाची दुधाची मोटरसायकल समोरून आली की मी घाबरून गाडी बंद पाडायची. ते खिडकीबाहेर बघत बसायचे, मी परत चालू करेपर्यंत. नवऱ्याबद्दल त्यांनी मला शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाही. मी सावरले ती त्या रस्त्यावर.

डाव्या सीटसमोरचा कप्पा, ज्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात, तो अप्पा असतानाच मोडला होता. बिजागरी तडकलेली, खटका झिजलेला. गतिरोधक आला की झाकण धाडकन आईच्या गुडघ्यांवर पडायचं. म्हणून आई प्रवासभर त्यावर तळहात दाबून बसायची, आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, करून घेऊ या.

यंदा एका शनिवारी अण्णाचा फोन आला. म्हणाला, ते प्लास्टिकचं काम तुझ्या हाताला येतं ना, एकदा येऊन कप्पा नीट कर, आईला त्रास होतो गं. मला फार बरं वाटलं. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे भाग तपासणं हे माझं काम, आणि घरात त्याची कायम थट्टा. बादल्यांचा कारखाना म्हणायचे. आज पहिल्यांदा कुणाला त्याचा उपयोग दिसला होता. दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन मी गेले.

स्क्रू काढून अख्खा कप्पा बाहेर ओढला. आत पेपरमिंटचे कागद होते, आईचा कंगवा होता, एक वाळून दगड झालेलं लिंबू होतं. तडकलेल्या जागेवर गोंदाचे पिवळे गोळे साचले होते. कुठल्या कुठल्या गॅरेजवाल्यांनी फासलेले. हे प्लास्टिक गोंद धरत नाही. सगळं खरवडून काढलं, पोलादी जाळीचा तुकडा तड्यावर ठेवला आणि सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं हळूहळू आत वितळवून बसवला. बिजागरीची खीळ पितळी सळीची केली. खटका मात्र मिळेना. तो आठवडाभर जुन्या गाड्या मोडणाऱ्यांकडे फिरून शोधला आणि पुढच्या रविवारी पुन्हा हूटगळ्ळीला गेले.

दोन्ही वेळा अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसला होता. एरवी तो असा बसत नाही. मधूनमधून विचारत होता, टिकेल ना, परत पडणार नाही ना. वहिनी कॉफी देऊन जात होती. मला वाटलं, अप्पा गेल्यापासून आम्ही भावंडं अशी बसलोच नव्हतो. झालं की सगळ्यांनी नंजनगूडला दर्शनाला जाऊ या, मी म्हटलं. तो "जाऊ की" म्हणाला. आई दोन-तीनदा दारात येऊन गेली. मी म्हटलं, ये, तुझ्या जागेवर बसून बघ. ती "नको, साकु" म्हणाली, पुरे म्हणाली, आणि आत गेली.

त्या दुसऱ्या रविवारी दुपारी कप्पा बसवला. खटका कानसून जागेवर आणत होते तेवढ्यात फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. नवरा-बायको होते, तरुण. मला वाटलं शेजारचे कुणी असतील. अण्णा घाईनं उठला. ती बाई थेट गाडीच्या डाव्या दाराशी आली, मी बाजूला झाले तशी आत बसली, झाकण उघडलं, लावलं, वर हातानं दोन थापा मारून पाहिल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ईग सरी आयतु." आता ठीक झालं. त्या दिवशी अंगावर पडलं होतं, तेवढंच खटकलं होतं, असंही ती कन्नडमधून सांगत राहिली.

त्या दिवशी. म्हणजे ते आधी येऊन गाडी बघून गेले होते. माझ्या हातात कानस तशीच होती.

मी अण्णाला बाजूला घेतलं. "विकलीस?"

"अजून दिली नाही. बोलणं झालंय."

"मला सांगणार होतास."

"बहिणीकडून पैसे घेऊ मी?" तो खाली बघून म्हणाला. "आणि तशीच द्यायची तर मला झेपत नाही. काय सांगणार होतो तुला?"

मी म्हटलं, निदान मी हे कशासाठी दुरुस्त करतेय ते तरी सांगायचं होतंस. तो दाराकडे बघायला लागला. आई तिथे उभी होती.

"मीच म्हटलं सांगू नको म्हणून," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर तू हात लावला नसतास."

मला रडू आलं नाही. मी सामान गोळा करायला लागले. तेवढ्यात गाडीतून त्या बाईनं हाक मारली. खटका अजून घट्ट होता, या वेळी झाकण लागत नव्हतं. मी गेले. दोन्ही कोपऱ्यांवर एकदम दाब दे म्हणून दाखवलं. तिनं दोनदा करून पाहिलं, खूश झाली, आणि चांगल्या मनानं मला विचारलं, कुठल्या गॅरेजच्या तुम्ही? अण्णा तिच्यामागे हातभर अंतरावर उभा होता. ही माझी बहीण, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. मग मीच सांगितलं, मेटगळ्ळीला असते.

जेवायला थांबले नाही. घरी येऊन हातावरचा प्लास्टिकचा वास साबणानं घासत राहिले.

त्यानंतर बरेच दिवस मी फोन घेतले नाहीत. शेवटी एकदा आईचा घेतला.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"हो."

ती म्हणाली, सकाळी दार उघडलं की गाडी समोर. वाटायचं, हे आता हॉर्न वाजवून बोलावतील. त्या सीटवर मला बसवत नव्हतं. किती दिवस तसं काढायचं?

मला ते कळलं. अगदी पूर्ण कळलं. पण हेच तिनं मला आधी सांगितलं असतं तर मी त्या अनोळखी बाईसाठीसुद्धा तो कप्पा तितक्याच मनानं दुरुस्त केला असता. माझ्या आईला तेवढी खात्री माझ्याबद्दल नव्हती. अण्णाचं लपवणं मी समजू शकते, तो पहिल्यापासून अवघड बोलणं टाळणारा. आईचं मला अजून गिळता येत नाही.

हूटगळ्ळीला मी जाते. जेवते, आईचे केस विंचरते, वहिनीशी बोलते. गाडीच्या जागी आता कुंड्या आहेत. मागच्या खेपेला अण्णा मिक्सरचं तुटलेलं झाकण घेऊन बाहेर आला, मला बघून थबकला, आणि ते घेऊन परत आत गेला. मी त्याला थांबवलं नाही.