धार लावून आणलेली कात्री

गल्लीत तिला सगळे डावखुरी म्हणत, आणि शिवणकाम करणारी ही बाई त्या नावाला मजेत ओ देई. तिची कात्रीही डावखुरी होती. वडिलांनी लोहाराच्या मागे लागून खास घडवून घेतलेली. उजव्या हातात ती कापड नुसती चावायची.

शिवणाऱ्या माणसाने कात्री उसनी द्यायची नसते. पण शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मैत्रिणीने मागितली आणि हिच्या तोंडून 'नाही' निघेना. मैत्रिणीने त्या कात्रीने पुठ्ठा कापून पाहिला, कापेना. धार गेली असं समजून ती स्वतःहून धारवाल्याकडे गेली. त्याने आपल्या हाताच्या सवयीने, नेमकी उलट्या बाजूने पाती घासून दिली.

"बघ, चकाचक करून आणलीय! मैत्रीण असावी तर अशी," म्हणत ती आली तशी निघूनही गेली.

डावखुरीने चिंधी कापून पाहिली. पाती एकमेकांना भेटेचनात. चिंधी मधेच दुमडून बसली.

टेबलावर डॉक्टरीणबाईंचं रेशीम होतं, त्यांच्या गेलेल्या आईने जपून ठेवलेलं. उद्या संध्याकाळी झगा द्यायचा होता आणि कापड बोटभरही जास्तीचं नव्हतं. घरातली साधी, उजव्या हाताची कात्री घेऊन तिने जुन्या चादरीवर हात चालवला. रेघ सुटली. पुन्हा सुटली.

"सांग तिला," काजं करता करता सासूबाई म्हणाल्या.

"कसं सांगू? भल्यासाठीच केलं ना तिनं."

"मग बैस बोटं मोडत. आज गप्प राहशील, आणि उद्या ती दारात आली की तुझ्या कपाळाला आठ्या. कशामुळे, ते तिला बिचारीला कळायचंही नाही."

हे मात्र लागलं. तिने फोन केला.

मैत्रीण धापा टाकत आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. "नवी आणून देते, आत्ताच्या आत्ता!"

"ती काय भाजीबरोबर मिळते?"

"मग काय देऊ? तूच सांग."

ते तर डावखुरीने ठरवलंच नव्हतं. तिची नजर मैत्रिणीच्या बोटांवर गेली. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारी बोटं, आता ओढणीला पीळ घालत होती.

"लोहार शोधून तशीच घडवून दे. आणि ती येईपर्यंत रोज शाळा सुटली की इथे यायचं. मी आखीन, तू कापशील."

"आणि हे रेशीम?"

"त्यापासूनच सुरुवात."

"वेड लागलंय का तुला? चुकलं तर?"

"तर डॉक्टरीणबाईंसमोर दोघी उभ्या राहू."

"मी नाही हं त्यात," सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं.

चादरीच्या पट्ट्या पट्ट्या झाल्या, तेव्हा कुठे डावखुरीने रेशीम पसरलं. खडूची रेघ ओढली, कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. कात्रीचं टोक रेघेला टेकलं आणि तिथेच अडलं.

"अगं, इथूनच ना?"

"इथूनच. आधी श्वास सोड."

कात्री सरकली. रेशीम आवाज न करता उघडत गेलं. पहिली बाही सुटून हातात आली.

डावखुरीने बाही उचलून बाजूला ठेवली आणि खडू घेतला. अजून पाठ होती, पुढचा भाग होता, गळा होता.