स्थिर म्हणजे काय

दादा केदारखेड्याहून जालन्याला माझ्याकडेच येत होता. वाटेत त्याची काळी-पिवळी जीप उलटली. कचेरीतून उठून मी दवाखान्यात पोचलो, तोवर त्याला आत नेलं होतं. डोक्याला मार होता, तोंडात नळी होती, हाक मारली तरी ओ देत नव्हता.

बाहेर फाटकाशी वार्ताहर जमले होते. दवाखान्याचा एक माणूस त्यांना शांतपणे सांगत होता, "सर्व जखमींची प्रकृती स्थिर आहे." ते ऐकून मलाही क्षणभर बरं वाटलं. त्याच्या आवाजातच तसं काहीतरी होतं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. श्वास यंत्रावर चाललाय, म्हणाल्या, पुढचं आत्ताच सांगता येणार नाही.

"पण बाहेर तर स्थिर म्हणाले."

"स्थिर म्हणजे आहे त्यापेक्षा बिघडत नाहीयेत. बरे आहेत असं नाही हो." त्याही थकलेल्या दिसत होत्या. असं किती जणांना समजावून सांगत असतील, कोण जाणे.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. बातमी मोबाईलवर गावभर झाली होती.

"भाऊजी, स्थिर हायेत म्हणं! जीवात जीव आला. मंग उद्या कापसाची वेचणी उरकून येते, बाया सांगून ठेवल्यात."

"वहिनी, वेचणी राहू द्या. आजच या."

त्या म्हणाल्या, "मंग स्थिर कशाला लिव्हलंय त्याह्यनी?"

त्या आल्या तेव्हा पिशवीत दादाचा धुतलेला सदरा होता. घरी येताना लागेल म्हणून आणलेला. काचेतून त्याला पाहिलं, आणि सदरा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

पुढचे दिवस त्याच बाकावर गेले. एकदा 'चिंताजनक' ऐकलं, नंतर पुन्हा 'स्थिर', मग 'उपचारांना प्रतिसाद'. प्रत्येक शब्द माझ्याआधी गावात पोचायचा आणि माझा फोन वाजायला लागायचा. त्या शब्दाचा अर्थ मी एकेकाला सांगत बसायचो. पुढे पुढे खिशात फोन थरथरला तरी नको वाटायचं.

'प्रतिसाद' ऐकून दादाबरोबर कबड्डी खेळलेले चौघे-पाच जण टेम्पो करून आले. हातात मोठा हार. दादा बसून बोलतोय, असंच त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात चिमटा घेतल्यावर त्यानं पायाचा अंगठा हलवला होता, एवढंच. मी ते सांगितलं. हार बाकाच्या कडेला ठेवून ते तसेच बसून राहिले. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण भिंतीकडं तोंड करून रडला.

दादा वाचला. घरी सोडताना दवाखान्यानं 'समाधानकारक सुधारणा' म्हटलं. आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं. उजवं अंग लुळं आहे, शब्द सापडत नाहीत, मधूनच चिडतो.

रविवारी मी गावी जातो. पारावर हटकून कुणीतरी विचारतं, "कसा हाय दादा?" मला आता सांगायचाही कंटाळा येतो. चाललंय म्हणतो आणि पुढं होतो.

वहिनींना विचारलं तर त्या बरोबर सांगतात. परवा शेजारीण दारात आली तेव्हा त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "आज डाव्या हातानं भाकरी मोडली. पाण्याला दूध म्हणले. दुपारभर माझ्यावर चिडले, मंग झोपले."

शेजारीण "बरं" म्हणाली आणि त्यांच्याजवळ भांडी विसळायला बसली.