रिकाम्या ग्लायडरमधला दांडा

ग्लायडरला इंजिन नसतं. हे आधी सांगते, कारण मुलगी ग्लायडर उडवते म्हटलं की लोक तोंडाने घुर्र आवाज करून दाखवतात. तसला काही आवाज नसतो. लांब दोराने ओढून त्याला वर नेतात, दोर सुटतो, आणि मग ते आपलं आपण तरंगत खाली येतं. डोक्यावरून गेलं तर सावली तेवढी अंगावरून जाते. मी मैदानाच्या कडेला पेपर वाचत बसलेली असते. अक्षरांवरून काळं काहीतरी सरकतं, आणि मी मान वर करेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. मला ते कधीच आवडलं नाही. एवढी मोठी वस्तू आवाज न करता अंगावरून जाऊ नये.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत ग्लायडर तपासायचे. सांधे, तारा, सळया, सगळं बघून झाल्याशिवाय ते उडवता येत नसे. बदल्या होत होत शेवटची कोलकात्याला झाली. निवृत्तीनंतर परत जाऊ म्हणत म्हणत राहिलो, कारण एकुलत्या एक मुलीची बँकेतली नोकरी इथे होती आणि तिने सॉल्ट लेकमध्ये फ्लॅट घेतला. चाळिशी उलटल्यावर ती ग्लायडर शिकायला लागली. मी म्हटलं, "या वयात माणसं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात."

"ते तू करून घे," ती म्हणाली.

यांना आनंद झाला होता. तसं दाखवलं नाही, पण त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

माझी शाळा चौथीपर्यंत. यांनी मला ग्लायडर समजावलं ते स्वयंपाकघरात, हातात झारा धरून. पायलटच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक दांडा असतो. तो मागे ओढला की आतली सळई सरकते, आणि पार मागे, शेपटीच्या कडेला जी आडवी पट्टी असते ती वर उचलली जाते. पट्टी वर गेली की ग्लायडरचं नाक वर. पट्टी खाली, तर नाक खाली. ही पट्टी पायलटला बसल्या जागेवरून दिसत नाही. हातात दांडा हलतोय म्हणजे मागे पट्टी हलतेय, असं तो धरून चालतो.

"आणि मधलं सुटलेलं असलं तर?" मी विचारलं होतं.

"तर दांडा जास्तच छान हलतो," हे म्हणाले. "लोण्यासारखा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मुलगी कडेवर होती तेव्हाची गोष्ट आहे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या मैदानावर. यांचा डबा द्यायला गेले होते. गवतात एक ग्लायडर एकटंच उभं होतं, वरची काच उघडी, आत कोणी नाही. मी आत डोकावले. दांडा हलत होता. हळूहळू मागे आला, थांबला, पुढे गेला. पुन्हा मागे आला. आत बसलेला माणूस जसा विचार करून हलवेल तसा. मुलीने तिकडे बोट दाखवून कोणाला तरी हसून दाखवलं. मी डबा तिथेच गवतात ठेवून परत फिरले.

"वारा," हे संध्याकाळी म्हणाले. "मागून वारा पट्टीला लागतो, पट्टी हलते, मग दांडा हलतो. उलटीकडून." आणि मग, "डबा गवतात का ठेवलास? मुंग्या झाल्या."

यांची तपासण्याची एक रीत होती. जोडलेल्या ग्लायडरमध्ये एकाने आत बसून दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने मागे पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. तिला हलू द्यायचं नाही. आतला माणूस जोर लावतो, तो जोर बाहेरच्या हातांना लागला पाहिजे. नुसती पट्टी हलताना बघून भागत नाही. सांधा अर्धवट बसलेला असला तरी ती हलते, आणि हवेत वेग आला की निसटते. सगळीकडे असंच तपासतात. यांचं वेगळं एवढंच की धरताना हे डोळे मिटायचे. बाकीचे म्हणायचे, साहेबांना झोप लागली. हे म्हणायचे, "बघितलं की दिसतं. मला दिसायला नकोय."

मग यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत पलंग टाकला. व्यायाम करून घ्यायला एक बंगाली मुलगी यायची. ती यांचा उजवा हात माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "काकू, हे दाबायला सांगा." हे डोळे मिटायचे. मानेच्या शिरा फुगायच्या, कपाळावर घाम यायचा.

"दाबतोय," हे म्हणायचे. "कळतंय?"

माझ्या हातात ओल्या टॉवेलसारखा हात. आवाज यांचा, हात कोणाचा तरी.

"नाही," मी सांगायचे.

ती मुलगी मला बाहेर नेऊन म्हणाली, थोडं हो म्हणा ना काकू, उमेद वाटते. मी म्हटलं, मी तसलं बोलत नाही. नातेवाईकही फोनवर म्हणाले, की हिला काळीज नाही. पण त्या मुलीचं "व्हेरी गुड, काका" ऐकून झालं की हे माझ्याकडेच बघायचे, आणि माझं ऐकल्याशिवाय डोळे उघडे ठेवून पडून राहायचे. शेवटपर्यंत माझं उत्तर तेच होतं. त्या हातात काही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी गेले.

त्यानंतर मुलगी मला दर रविवारी सोबत नेते. घरात एकटी नको, असं तिला वाटतं. मेट्रोने सियालदा, तिथून बजबजची लोकल. मैदान नदीच्या अलीकडे आहे. एका बाजूला बंद पडलेल्या ज्यूट गिरणीची भिंत, बाकी तीन बाजूंना गवत. मी खुर्ची, छत्री आणि पोह्यांचा डबा घेऊन बसते. तिथला मिस्त्री मला माशीमा म्हणतो, म्हणजे मावशी. पन्नाशीचा, तोंडात पान, कामाला चांगला.

यंदा पावसाळाभर ग्लायडर सुटं करून शेडमध्ये ठेवलं होतं. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ते जोडून बाहेर काढलं. इथे त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं, बसगाड्या, रिक्षासुद्धा पूजतात, आणि पूजा झाल्यावर दिवसभर कोणी हत्याराला हात लावत नाही. आकाशात नुसते पतंग असतात. ग्लायडरच्या नाकाला शेंदराचा टिळा, पंखांना झेंडूच्या माळा, एक माळ शेपटीला. पूजेला आम्हीही होतो. त्या दिवशी उडवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उडणार होती, पावसाळ्यानंतरचं पहिलं उड्डाण, एकटीचं. बँकेतून रजा काढली होती.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा मैदानावर मिस्त्री आणि दोर ओढायच्या यंत्रावरचा माणूस, दोघेच. बाकीचे आदल्या दिवशीच्या जेवणाने आळसावलेले असणार. हवा दमट आणि जड होती. वाऱ्याची दिशा बघायला खांबावर नारिंगी कापडाची लांब पिशवी लावलेली असते, ती खांबाला चिकटून लोंबत होती. कडेने काशफुलं, म्हणजे इथल्या उंच गवताचे तुरे, आली होती, माणसाच्या डोक्याच्याही वर, पांढरी. तीही हलत नव्हती. गवतात सगळीकडे आदल्या दिवशीचे कापलेले पतंग पडले होते. एक गिरणीच्या भिंतीवर पालथा चिकटला होता. माणसं येऊन गेलेल्या जागेला जी शांतता येते ती होती.

मुलगी आत बसली, पट्टे बांधायच्या आधी म्हणाली, "पट्टी धरून बघू या."

"सब ठीक है, दीदी," मिस्त्री म्हणाला. "कल पूजा से पहले जोड दिया था. देखिए." त्याने तिला दांडा हलवायला सांगितलं. शेपटीची पट्टी वर गेली, खाली आली. झेंडूची माळ तिच्याबरोबर वर गेली, खाली आली. "देखा? हिल रहा है."

"धरून," मुलगी म्हणाली. "आई, तू धर. मिस्त्रीदादा पंख धरतील."

मी मागे गेले. ग्लायडर लांब असतं, शेपटीपाशी उभं राहिलं की आतला माणूस दिसत नाही, काचेवर आभाळ दिसतं. माळ बाजूला केली आणि पट्टी दोन्ही हातांत धरली. गार होती. सवयीने डोळे मिटले. माझी सवय नव्हे ती, यांची. पण मिटले.

"ओढतेय," तिचा आवाज आला.

तळहातांना वरच्या बाजूला जोर लागला. व्यवस्थित, भरलेला जोर. मी दाबून धरलं. मग आत कुठेतरी खट् झालं, बोट मोडल्यावर होतं तेवढंच, आणि जोर गेला. हातात नुसती पट्टी उरली. ओल्या टॉवेलसारखी.

"कळतंय?" मुलीने विचारलं.

तिने तोच शब्द वापरला होता.

"नाही," मी म्हटलं.

"अगं आई, ओढलाय मी. पूर्ण ओढलाय. पोटाला लागलाय दांडा."

"नाही."

"नीट धरलंयस ना?"

"धरलंय. काही येत नाही. उतर खाली."

मिस्त्री हसत आला. "माशीमा, आपको समझ में नहीं आया होगा."

"हात लाव मग," मी म्हटलं. त्याने पट्टी धरली. मुलीने दांडा ओढला. त्याच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं.

त्याने शेपटीवरचं झाकण उघडलं. सळईच्या टोकाला एक गोळा असतो, तो वाटीत बसवतात, आणि तो निसटू नये म्हणून बाजूने पिन घालतात. गोळा वाटीच्या बाहेर आला होता. पिन नव्हती. मिस्त्रीने पिनेच्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं. मग शेडमध्ये गेला. तिथे खिळ्याला त्याचा रोजचा, तेलकट सदरा टांगलेला होता. त्याच्या खिशातून त्याने पिन काढून आणली. त्याने सांगितलं ते असं: आदल्या दिवशी गोळा वाटीत बसवला आणि तेवढ्यात पुरोहित आला. मिस्त्री पिन खिशात टाकून धुतलेला सदरा घालायला गेला. पूजा झाली. आता हत्याराला हात कसा लावायचा? आणि आज सकाळी तर ग्लायडरला माळा होत्या, टिळा होता. झालेलंच दिसत होतं.

तो माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "आधी पिन घाल."

मुलीने ग्लायडरच्या सावलीत उभं राहून आपला उजवा हात दोनदा उघडला, मिटला.

पिन घातली. मुलीने स्वतः बघितली, बोटाने ओढून पाहिली. माळ काढून टाकली. ती पुन्हा आत बसली, मी पुन्हा मागे.

"ओढतेय."

जोर आला.

"ढकलतेय."

आला. खालच्या बाजूला.

"आहे," मी ओरडून सांगितलं. डोळे मिटलेलेच होते. जोर गेला, आणि परत आला. सावकाश, वरच्या बाजूला. थोडा थांबला, सुटला. मग पुन्हा. घाईचा नव्हता. व्यायामाची मुलगी सांगायची ना, दाबा, सोडा, दाबा, तसा.

"आहे म्हटलं ना," मी म्हणाले. "पुरे आता."

"काय पुरे?"

आवाज माझ्या उजवीकडून आला, अगदी जवळून. डोळे उघडले. ती माझ्या शेजारी उभी राहून बाटलीतून पाणी पीत होती. मिस्त्री लांब, हत्यारांची पिशवी बांधत बसला होता. काच उघडी होती.

"तू कधी उतरलीस?"

"तू 'आहे' म्हणालीस तेव्हाच. का?"

माझ्या तळहातांना जोर लागतच होता.

"आत बघ," मी म्हटलं. "दांडा हलतोय का?"

ती पुढे जाऊन आत वाकली. "हलतोय," म्हणाली. "वारा असेल."

"हो."

मी हात काढला नाही. त्याचं त्याचं थांबेपर्यंत धरून राहिले. मग पट्टी हलकी झाली, मी ती खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"परत बस," मी तिला म्हटलं. "आणि दांडा कधी ओढतेस, कधी सोडतेस, सगळं मोठ्याने सांग. मी म्हणेपर्यंत उतरायचं नाही."

तिने कुरकुर केली, पण बसली. या वेळी प्रत्येक शब्दाला जोर आला आणि शब्द नसताना काही आलं नाही. तेव्हाच मी शेवटचं 'आहे' म्हटलं.

ती उडाली. दोराने वर गेली, दोर सुटून खाली पडला, आणि ग्लायडर गिरणीच्या भिंतीवरून, नदीच्या बाजूने, आवाज न करता वळलं. मी खुर्चीत बसले होते. एकदा सावली अंगावरून गेली. मी मान वर केली नाही, हातांकडे बघत होते.

उतरल्यावर ती केस बांधत माझ्याकडे आली आणि खुर्चीपाशी गवतात बसली.

"वर जरासुद्धा वारा नव्हता," ती म्हणाली. "लगेच खाली आले. इथे होता का गं?"

मी डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला.

"पोहे गार झालेत," मी म्हटलं. "खा."