गोळ्यांचा उपास

दुकानात शिरण्याआधी मगदूम आक्का चपला बाहेर काढायच्या. सांगलीच्या स्टँडजवळचं माझं औषधांचं दुकान, फरशी कायम मळलेली. पण त्यांनी कधी ऐकलं नाही. आत आल्या की गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून अंगठ्यानं दाबायच्या आणि विचारायच्या, "ताजी हाय न्हवं?" मंडईत वांगी घ्यावीत तशा त्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या. शेवटी "दोन वर टाक की गं," हे ठरलेलं. मी नाही म्हणायची, त्या हसायच्या. माझ्या तिरसट स्वभावाला पुरून उरलेलं ते एकच गिऱ्हाईक.

उमेदीची वर्षं सूतगिरणीत, यंत्रांच्या खडखडाटात गेलेली. त्यामुळे आक्का कुजबुजल्या तरी समोरच्या चहावाल्याला ऐकू जायचं. नवरा वारलेला, मुलगी कोरेगावला दिलेली. गिरणीचं तुटपुंजं पेन्शन वर्षानुवर्षं तेवढंच आणि गोळ्या मात्र दर वर्षी महागलेल्या. "पेन्शन हाय तेवढंच ऱ्हातंय, मीच जरा बारीक झालो," असं आपल्या भरभक्कम देहाकडे बघत त्या म्हणायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या.

एका चातुर्मासात माझ्या लक्षात आलं, की महिन्याच्या गोळ्या त्यांना चार-पाच दिवस जास्त पुरतायत. विचारलं तर म्हणाल्या, "अष्टमी-चतुर्दशीला आमच्या जैनांत उपास असतोय. तवा गोळीबी न्हाई घेत." गोळी चुकवू नका हो, असं काहीतरी पुटपुटून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दुसऱ्याच्या व्रतात नाक कोण खुपसणार?

भाद्रपदातल्या अष्टमीला आक्का आल्या त्या भडंगाचा पुडा घेऊन. थोडं माझ्या हातावर ठेवलं, मूठभर स्वतःच्या तोंडात टाकलं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

"आक्का, आज अष्टमी ना?"

त्यांचं चावणं थांबलं. बाकावर टेकल्या. "माझा उपास डाक्टरनं कवाच बंद केलाय," त्या खरोखरच हळू बोलल्या. "म्हणून गोळ्यांना धराया लावला. पोट न्हाई ऱ्हात गं उपाशी, गोळ्या ऱ्हात्यात. आता तर तुमची एकादशीबी धरत्यात."

मला हसू फुटलं आणि लगेच शरम वाटली. दाब मोजला, आकडा भलताच वर गेलेला. त्याच औषधाची, निम्म्याहून कमी किमतीची जेनेरिक गोळी माझ्याच कपाटाच्या खालच्या खणात होती. डॉक्टर कंपनीचं नाव लिहायचे, मी तीच पट्टी द्यायची. कधी डोकं चालवलं नव्हतं. दुकान तसंच सोडून आक्कांना डॉक्टरांकडे नेलं आणि औषधाचं नुसतं नाव लिहून द्या म्हटलं. त्यांनी लगेच दिलं.

आक्कांना मात्र पटेना. "एवढी सस्त? खडू न्हाई न्हवं?"

"महिनाभर रोज घ्या आणि मग भांडायला या," मी म्हटलं.

बरोबर महिन्यानं आल्या. दाब अगदी डॉक्टरांना हवा तेवढा. आक्कांनी दुसऱ्या हातालाही पट्टा बांधायला लावला, तिथंही तेच. चहावाल्याला इथूनच हाक मारून दोघींचा चहा मागवला. कप हातात घेऊन मग मला विचारलं, "ही गोळी तुज्याकडं आदीपासनं हुती?"

"होती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तू तरी कुठं इचारलंस? उपास म्हटलं की गप बसलीस."

हे त्या हसत हसत म्हणाल्या, म्हणूनच फार लागलं. मी खाली मान घालून चहा प्यायले.

पुढच्या आठवड्यात आक्कांनी गिरणीतल्या दोन जुन्या मैत्रिणींना आणून बाकावर बसवलं आणि मला फर्मावलं, "इचार आता." गोळ्या रोज घेता का, मी विचारलं. "घेतो की," दोघी एका सुरात म्हणाल्या. आक्का नुसत्या खाकरल्या, तशी एक म्हणाली, "एक दिसाआड." दुसरी अर्धी तोडून घेत होती. दुपारपर्यंत त्या तिघी माझ्या दुकानात हसत बसल्या होत्या.

आता लेकीनं आक्कांना कोरेगावला नेलंय. इथं कुणी म्हातारं माणूस गोळ्यांना उशिरा आलं, की मी विचारते. परगावी गेलो होतो, विसरलो, व्रत होतं, असं पहिल्यांदा सगळेच सांगतात. मी घाई करत नाही, बसायला सांगते आणि पुन्हा विचारते. दुसऱ्या वेळी बहुतेक जण खरं बोलतात.