पाटीवरची डॉक्टरीण

उपकार गपचूप करायचा असतो, हे पेंटरकाकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ते आधी हातभर अक्षरांत रंगवून घेतलं असतं.

बाजारातल्या निम्म्या दवाखान्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. जन्मभर परक्यांच्या नावापुढं ‘डॉ.’ काढून काढून माणूस आतून पार पोखरला होता. पोटी मूलबाळ नाही. त्यामुळं शेजारच्या इस्त्रीवालीची पोरगी दहावीला शाळेत पहिली आली, तसं काकांनी भर रस्त्यात जाहीर केलं, "हिला डॉक्टर मी करणार! कॉलेज, क्लास, पुस्तकं, सगळं माझ्याकडं लागलं!" इस्त्रीवालीला रडूच फुटलं. त्या नादात कुणाच्या तरी शर्टाची पाठ करपली, पण मोठ्या कार्यात एवढं चालायचंच.

पोरगी अकरावीत गेली आणि काकांनी तिच्या नावाची पाटी रंगवून दुकानावर चढवली. नावापुढं डॉक्टर, मागं पदवी, खाली ‘बालरोगतज्ज्ञ’. हे तज्ज्ञपण काकांनीच ठरवलं. हृदयरोग लिहायचा तर शेजारी हृदय काढावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या हातून पत्त्यातल्या बदामासारखंच यायचं. कोपऱ्यात अगदी बारीक, म्हणजे चार दुकानांपलीकडून वाचता येईल इतकंच बारीक, ‘शिक्षणाचा संपूर्ण खर्च : पेंटर’.

"अहो, पोरीला अजून बेडूक कसा कापायचा ते माहीत नाही," काकू म्हणाल्या.

"रंग चांगला वाळायला वेळ लागतो," काका म्हणाले.

मग काय, चहावाला येता-जाता पोरीपुढं मनगट धरायचा, "डॉक्टरीणबाई, जरा नाडी बघा हो." वर्गातली कार्टी तिला बघून खोकायची. पोरगी मान खाली घालून आईच्या टेबलापाशी पुस्तक उघडायची. फी भरणाऱ्याला काय बोलणार?

एका दुपारी मात्र एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन, पाटी वाचून थेट आत आली. काकांनी तिला स्टूल दिलं, पंखा लावला आणि हाक मारली, "ए पोरी, पेशंट आलाय! नुसतं बघून तर घे!"

पोरगी धावत आली. लेकराच्या कपाळाला हात लावला आणि पांढरीफटक पडली. "मावशी, मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात चला, आत्ताच. मी रिक्षा आणते."

"डॉक्टर नाही, तर पाटी कशाला लावता रे, मेल्यांनो?" बाई कडाडली. "लेकराला काही झालं असतं म्हणजे?"

दवाखान्यात पोरीनंच बाईला सोबत केली. संध्याकाळी परत आली ती सरळ काकांपुढं उभी. "पोर बरं आहे. काका, पाटी उतरवा. नाहीतर उद्यापासून तुमची फी नको. मी आईबरोबर कपडे इस्त्री करीन."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच ना? चार लोकांत नाव होतं."

"कुणाचं?"

काकांनी आधाराला काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? शिडी तिकडं आहे."

काका शिडी चढले. एकेक स्क्रू असा काढला, जसा स्वतःचाच दात उपटतायत. पाटी खाली आली. पोरगी म्हणाली, "उद्या क्लासची फी भरायची आहे, काका," आणि गेली अभ्यासाला. आभार नाहीत, टाळ्या नाहीत, काही नाही.

तेव्हापासून काका गपचूप फी भरतात, आणि हे बोलण्याचं बद्धकोष्ठ त्यांना जन्मात पहिल्यांदाच जडलंय. परवा एक नवं गिऱ्हाईक रंग निवडता निवडता म्हणालं, "ती इस्त्रीवालीची मुलगी डॉक्टर होणार म्हणे. खर्च कोण करतं हो तिचा?"

काकांचं तोंड उघडलं. पलीकडं पोरीनं पुस्तकातनं मान वर केली.

"असेल कुणीतरी," काका म्हणाले. "तुम्ही रंग बोला. लाल की निळा?"