पंडितरावांची अक्कलदाढ आन जीपभर रगत

आमचे मालक पंडितराव मंजी नांदूरघाटचा फुकटचा भोंगा. पारावर बसले की सरपंचापासून अमेरिकेपर्यंत समद्यांना शहाणपण शिकवणार. आन आमच्याच लेकीच्या लग्नपत्रिकेत सख्ख्या थोरल्या भावाचं, भागवत भाऊजींचं नाव चुलतभावाच्या खाली छापून बसले! भाऊजी मांडवात आले न्हाईत. 'चुकलं' म्हणायला जीभ झिजती का कुणाची? ह्यांची झिजत होती. तवापासून दोघांत बोलणं बंद, आन घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडं भाऊजी खोकले की हे इकडं कूस बदलायचे.

अशा मानसाला पंचेचाळिशीत अक्कलदाढ आली, तीबी आडवी. गाल टम्म सुजला. केजच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "दाढ काढू. तुमच्याच हातातलं थोडं रक्त घेऊन मशीनमधी फिरवू, त्याची जी साकळलेली गोळी होती ती खड्ड्यात बसवू. जखम लवकर भरंल."

मी पुतण्याला, म्हाळूला फोन लावला. "उशीर व्हईल बाबा, म्हशीला पेंढी टाक. ह्यांचं रगत घेऊन राहिलेत."

म्हाळू मंजी अर्धं ऐकून दीडपट सांगणारं. 'पंडितकाका केजच्या दवाखान्यात, रगत पायजे' असं भावकीच्या ग्रुपवर टाकून मोकळं! आमच्याकडं रगत म्हणलं की कशाला ते कुणी इचारत न्हाई. जीप भरती आन निघती.

इकडं टाके घालून झाले, तवर जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मागं म्हाळू आन भावकी, म्होरं भागवत भाऊजी. दम लागलेला, बाही दंडापर्यंत सारलेली.

"बाई, आमचा दोघांचा गट एकच हाय. लागंल तेवढं काढा."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरंना. "अहो, नुसती दाढ होती. त्यांचंच रक्त भागलं."

मागची समदी जीप खदाखदा हसली. भाऊजींचं तोंड उतरलं.

"मंग मला कशाला आणलं रं? फजिती करायला?" ते म्हाळूवर वसकले. बाही खाली केली आन जिन्याकडं वळले.

आन आमचा भोंगा? जलमभर बडबड केली, आन आता तोंडात कापसाचा बोळा दाबून बसलेला. बोलायची मनाई. आता भाऊजी गेले की कायमचेच गेले.

तेवढ्यात मालक खुर्चीवरून उठले. गळ्यात ते लाळेरं तसंच. भावाचा दंड धरला, बोळा थुंकला आन बधिर जिभेनं बोबडं बोलले, "दादा, चुकलं माझं."

"गप!" भाऊजी वरडले. "इतकी सालं बोलायला सवड न्हवती, आन आज डॉक्टर गप बस म्हणली तर बोलतंय!"

त्यांनी बाईंकडून नवा बोळा घेतला, भावाच्या तोंडात घातला आन हनुवटीखाली हात देऊन तोंड मिटवलं. हात काय काढला न्हाई.

मालकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरी आल्यावर मला म्हणतात, दाढंला कळ लागली होती.

खोटारडे! तवा भूलबी उतरली न्हवती.